अडकलेला पैसा आणि बुडालेला पैसा

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. ६ एप्रिलचे महावीर जन्मकल्याणक मिरवणुकीविना घरोघरी साजरे झाले. २६ एप्रिलच्या अक्षय तृतीयेला वर्षीतपाची पारणीही घरातल्या चार माणसांत उरकली. पाडवा ते अक्षय तृतीया हा काळ कापड, सोने-चांदी आणि भांडी यांच्या व्यापाऱ्याला मोठी कमाई देणारा. लग्नसराईसाठी भरलेला माल कपाटांत तसाच राहिला. दुकान बंद होते. मात्र दुकानाचे भाडे, गुमास्त्यांचे पगार आणि बँकेचे व्याज यांना टाळेबंदी नव्हती.

ज्या साथरोग कायद्याच्या आधारे महाराष्ट्रात त्या वेळी निर्बंध लागू झाले, तो १८९७ सालचा, मुंबईतील प्लेगच्या काळातला आहे. चार कलमांच्या त्या मूळ कायद्याने सरकारला उपाययोजनेचे अधिकार दिले आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण दिले. पण बंद पडलेल्या व्यापाराला भरपाई देण्याची स्पष्ट तरतूद त्यात नाही. त्यामुळे २०२० मध्ये जी मदत आली ती त्या कायद्यातून आली नाही. ती आर्थिक धोरणातून आणि मुख्यतः बँकांच्या द्वारे आली. तिचे स्वरूप नीट समजून न घेतल्याने अनेक घरांत आधी मोठी आशा आणि नंतर तेवढीच मोठी निराशा निर्माण झाली.

१२ मे २०२० रोजी पंतप्रधानांनी २० लाख कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. दुसऱ्या दिवशी अर्थमंत्र्यांनी छोट्या उद्योग-व्यवसायांसाठी ३ लाख कोटींची आपत्कालीन पतहमी योजना मांडली. तिचा गाभा साधा होता. ज्या व्यवसायाकडे बँकेचे येणे २५ कोटींपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १०० कोटींपर्यंत होती, त्याला २९ फेब्रुवारी २०२० रोजी असलेल्या येणे बाकीच्या २० टक्के इतके जादा कर्ज मिळणार होते. मुदत चार वर्षे, त्यातील पहिल्या वर्षी फक्त व्याज. बँकेचा व्याजदर ९.२५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नव्हता. नवे तारण नाही, हमीचे शुल्क नाही.

‘सरकारची शंभर टक्के हमी’ हे शब्द बाजारात वाऱ्यासारखे पसरले आणि तेथेच पहिला गैरसमज झाला. ही हमी व्यापाऱ्याला नव्हती, बँकेला होती. कर्ज थकले तर सरकारी हमी कंपनी बँकेची भरपाई करणार होती. कर्जदाराची जबाबदारी त्यामुळे संपत नव्हती आणि वसुलीची कारवाईही थांबत नव्हती. शिवाय नवे तारण मागितले नाही तरी आधीच्या तारणावर या कर्जाचाही बोजा चढत होता. अमेरिकेत त्याच काळात छोट्या व्यवसायांना दिलेले कर्ज मुख्यतः पगारावर खर्च केल्यास माफ होत होते. तेथील नातलगांकडून हे ऐकून आपल्याकडेही काहींनी माफीची वाट पाहिली. भारतातील योजनेत माफीची तरतूद कधीच नव्हती.

दुसरा गैरसमज हप्तेस्थगितीचा. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी तीन महिन्यांची सवलत दिली आणि पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. सहा महिने हप्ता भरला नाही तरी खाते थकीत ठरणार नव्हते. पण व्याज चालूच होते. समजा २० लाखांचे मुदत कर्ज आहे आणि दर १० टक्के आहे. सहा महिन्यांचे सरळ व्याज होते १ लाख रुपये. दरमहा चक्रवाढ धरल्यास १ लाख २ हजार १०० च्या आसपास. ‘व्याजावरील व्याज’ हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा वाद होता तो या वरच्या सुमारे २,१०० रुपयांचा. २ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी हा फरक केंद्र सरकारने भरला आणि तो नोव्हेंबर २०२० मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, खात्यांत जमा झाला. २३ मार्च २०२१ च्या निकालाने न्यायालयाने हा दिलासा सर्व कर्जदारांना दिला. परंतु मूळचा १ लाख कर्जदारालाच भरायचा होता. ज्याच्याकडे हप्ता भरण्याइतकी शिल्लक होती आणि तरीही ज्याने तो थांबवला, त्याने सवलत मिळवली नाही, व्याज वाढवून घेतले.

तिसरी गोष्ट गैरसमजाची नाही, रचनेची आहे, आणि जैन व्यापारी घराण्यांना ती विशेष लागू पडते. मदतीचे माप ‘येणे बाकी’ हे होते. ज्याने ५० लाखांच्या कॅश क्रेडिटमधून पूर्ण ५० लाख उचलले होते त्याला १० लाख मिळाले. तेवढीच मर्यादा असून काटकसरीने २० लाखच वापरणाऱ्याला ४ लाख मिळाले. आणि बँकेचे एक रुपयाही कर्ज न घेता घरच्या भांडवलावर व नातेवाइकांच्या विश्वासावर पेढी चालवणाऱ्याला काहीच मिळाले नाही, कारण शून्याचे २० टक्के शून्यच. ‘डोक्यावर कर्ज नाही’ हे ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगितले जाई, ते घर सरकारी मदतीच्या यादीत दिसेना. याचा अर्थ काटकसर चुकली असा नव्हे. भाडे आणि पगार सोडले तर त्या घराला तगादा लावणारेही कोणी नव्हते. पण बँकेशी थोडातरी नियमित व्यवहार, वेळेवर भरलेली जीएसटी विवरणपत्रे आणि नीट लिहिलेले हिशेब हेही संकटकाळाचे भांडवल असते, हा धडा त्यातून मिळाला.

बँकेकडून जेव्हा मंजूर रकमेचा निरोप आला, तेव्हा अनेक पेढ्यांवर वडील आणि मुलगा यांच्यात वाद झाला. वडील म्हणत, धंदा बंद असताना कर्ज काढायचे नसते. मुलगा म्हणे, इतक्या कमी दराने आणि तारणाशिवाय पैसा पुन्हा मिळणार नाही. दोघांचेही म्हणणे अनुभवाचे होते. निर्णय मात्र एकाच प्रश्नावर अवलंबून होता: पैसा अडकला आहे की बुडाला आहे?

गिऱ्हाइकांकडे उधारी थांबली आहे, माल गोदामात चांगला आहे, बाजार उघडल्यावर विकला जाईल, पण सुरतेच्या किंवा इचलकरंजीच्या व्यापाऱ्याचे देणे आज द्यायचे आहे. हा अडकलेला पैसा. येथे कर्ज पुलाचे काम करते. उधारी वसूल झाली की कर्ज फिटते, पेढीची पत टिकते आणि समोरच्या यंत्रमागवाल्याचे घरही चालते. उलट जी लग्ने पन्नास माणसांत झाली, ज्यांचे मंडप, केटरिंग आणि आहेर कधी घेतलेच गेले नाहीत, ती विक्री पुढच्या वर्षी दुप्पट होऊन परत येत नाही. तो बुडालेला पैसा. तेथे कर्ज घेतले तर तोट्याचे रूपांतर केवळ हप्त्यांत होते. तोटा कमी करायचा तर खर्च कमी करावा लागतो, जागा लहान करावी लागते, प्रसंगी घरातले सोने मोडावे लागते.

हा फरक न ओळखणाऱ्यांची परीक्षा लवकरच झाली. जून २०२० मध्ये १० लाख घेतलेल्या व्यापाऱ्याला वर्षभर महिन्याला सुमारे ७,७०० रुपये व्याज भरावे लागले, ते जड नव्हते. जून २०२१ पासून मात्र मुद्दलाचेच दरमहा सुमारे २७,८०० रुपये सुरू होणार होते. नेमक्या त्याआधी दुसरी लाट आली. २०२१ चा पाडवा आणि अक्षय तृतीयाही बंद दुकानांतच गेली. तेव्हा मे २०२१ च्या अखेरीस, पुनर्रचनेस पात्र ठरलेल्यांसाठी सरकारने मुदत पाच वर्षांची केली, पहिली दोन वर्षे फक्त व्याजाची ठेवली आणि १० टक्के जादा कर्जही देऊ केले. ज्यांनी पहिले कर्ज पुलासारखे वापरले होते त्यांना ही सवलत उपयोगी पडली. इतरांचे ओझे फक्त पुढे ढकलले गेले.

योजना ३१ मार्च २०२३ रोजी संपली. तोवर देशातील सुमारे १ कोटी १९ लाख कर्जदारांना तिची हमी लाभली होती. असंख्य व्यवसाय तिच्यामुळे उभे राहिले, हे नाकारण्याचे कारण नाही. सरकारने वेळ विकत घेऊन दिला. त्या वेळेचे काय करायचे हे प्रत्येक पेढीने ठरवायचे होते.

बुडालेल्या पैशावर मात्र योजना चालत नाही. तेथे माणसेच एकमेकांच्या उपयोगी पडली. कोठे दुकानमालकाने दोन महिन्यांचे भाडे सोडले, कोठे घाऊक व्यापाऱ्याने माल परत घेतला, कोठे गुमास्त्याला निम्मा का होईना पगार घरपोच गेला. परिग्रहपरिमाण व्रतात आपण आपल्या संग्रहाला मर्यादा घालतो. त्या मर्यादेचा दुसरा अर्थ त्या वर्षी व्यवहारात दिसला. आपले येणे किती ताणायचे यालाही मर्यादा असते, आणि ती समोरच्याची स्थिती पाहून ठरवायची असते.

दिवाळीत चोपडापूजन करताना ‘शुभ लाभ’ लिहिण्याआधी एका कोऱ्या पानावर दोन रकाने आखून पाहावेत: यंदाचा अडकलेला पैसा किती आणि बुडालेला किती. पहिल्या रकान्यासाठी बँक आहे. दुसऱ्यासाठी पुढच्या संकटाआधीच काही शिल्लक बाजूला ठेवलेली असावी आणि ज्यांच्याकडे हक्काने जाता येईल, जे आपल्याकडे हक्काने येतील, अशी चार माणसे जोडलेली असावीत.