चार आठवड्यांचे पाहुणे

रोटरीच्या ‘ग्रुप स्टडी एक्स्चेंज’ योजनेत एक नियम होता. परदेशी जाणाऱ्या गटातला तरुण स्वतः रोटरीचा सभासद असता कामा नये, आणि कुणा सभासदाचा नातलगही असता कामा नये. गटप्रमुख तेवढा रोटेरियन, बाकीचे सगळे बाहेरचे. म्हणजे निधी उभारायचा क्लबच्या लोकांनी, पत्रव्यवहार करायचा त्यांनीच, तिकडून आलेल्या पाहुण्यांना घरात ठेवून घ्यायचं त्यांनीच, आणि विमानात बसायचं ते कुणा दुसऱ्याच्या मुलामुलीनं. आपल्याकडच्या सार्वजनिक संस्थांत घरच्या माणसाची वर्णी लागणं नवीन नाही. म्हणून या योजनेकडे मी आदरानं पाहतो, आणि तो आदर या एका नियमापासून सुरू होतो.

रोटरी फाउंडेशननं ही योजना १९६५ साली सुरू केली. दोन देशांतल्या दोन रोटरी डिस्ट्रिक्टांची जोडी जमायची. इकडचा गट तिकडे आणि तिकडचा इकडे, त्याच वर्षी किंवा पुढच्या. वय पंचवीस ते चाळीस, आणि आपल्या व्यवसायात निदान दोन वर्षं पूर्णवेळ काम केलेलं. एका गटात शिक्षिका, पशुवैद्य, वार्ताहर, वकील, बँकेतला अधिकारी असे निरनिराळ्या पेशांतले लोक एकत्र यायचे. मुक्काम चार ते सहा आठवड्यांचा. विमानभाडं फाउंडेशन द्यायचं. पोचल्यानंतरचं राहणं, जेवण आणि हिंडणं यजमान क्लबांकडे. २०१३ च्या जूनअखेर योजना बंद झाली, तोवर शंभराहून अधिक देशांतले पन्नास हजारांवर तरुण तिच्यातून जाऊन आले होते.

या सगळ्यात व्यवसायाला एवढं महत्त्व का, याचं उत्तर रोटरीच्या जन्मात आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलानं तीन ओळखीच्या माणसांना घेऊन पहिली बैठक भरवली. बैठका आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत व्हायच्या, त्यावरून रोटरी. सुरुवातीच्या क्लबात एका धंद्याचा एकच प्रतिनिधी घेत. कोळशाचा व्यापारी, शिंपी, खाण अभियंता अशी निरनिराळ्या कामांची माणसं एका टेबलाशी बसावीत, ही मूळ कल्पना. त्यामुळे साठ वर्षांनी परदेशाशी देवाणघेवाण करायची ठरली तेव्हा तिचा पाया कामधंदाच असणार होता. न्यूझीलंडच्या रोटेरियनांनी त्याआधी, पन्नासच्या दशकात, तरुण व्यावसायिकांना परदेशी पाठवायचा प्रयोग करून पाहिला होता. पैशाची सोय मात्र फार हळूहळू झाली. फाउंडेशनची कल्पना आर्च क्लम्फ यांनी १९१७ मध्ये मांडली. पुढच्या वर्षी कॅन्सस सिटी क्लबकडून पहिली देणगी आली ती साडेसव्वीस डॉलरची. १९४७ मध्ये हॅरिस वारले, त्यांच्या स्मृत्यर्थ जगभरातून पैसा आला, आणि तेव्हा कुठे शिष्यवृत्त्या सुरू झाल्या.

चार आठवड्यांच्या दौऱ्याचा आराखडा ठरलेला असे. पाच पूर्ण दिवस आपापल्या व्यवसायासाठी. पंधरा-वीस क्लबांपुढे आपल्या देशाबद्दल आणि कामाबद्दल बोलणं. दहा-पंधरा औपचारिक भेटी आणि समारंभ, दोन-तीन दिवस डिस्ट्रिक्टची परिषद, आणि रोज तीन-चार तास स्थळदर्शन. कागदावर स्थळदर्शन आणि भाषणं जास्त दिसतात. पण खरी गोष्ट घडायची ती त्या पाच दिवसांत आणि रात्रीच्या मुक्कामात, असं मला ठामपणे वाटतं. हारतुरे, शाल, क्लबच्या निशाणांची अदलाबदल, फोटो हे कुठल्याही पाहुण्याला मिळतं. तिथल्या दाईनं इथल्या दाईशेजारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं राहणं कुठल्याही पर्यटन कंपनीला विकत देता येत नाही.

आणि मुक्काम. हॉटेल नाही, लॉज नाही, सभासदाचं घर. तीन-चार दिवसांनी गाव बदलायचं आणि घरही. पाहुण्यासाठी आतली खोली रिकामी करायची, मुलांची रवानगी आजीच्या खोलीत. पाणी उकळून गार करायचं, भाजीतलं तिखट आधी काढून ठेवायचं, आंघोळीला बादलीभर कढत पाणी आणि तांब्या कसा वापरायचा ते दाखवायचं. हे सगळं कोण करत होतं? १९८९ पर्यंत रोटरीचं सभासदत्व स्त्रियांना खुलं नव्हतं. म्हणजे योजनेची पहिली चोवीस वर्षं यजमान म्हणून अहवालात नाव लागलं ते एकाचं, आणि पहाटे पाचला उठून चहा टाकला तो दुसरीनं. मँचेस्टरला १९२४ साली रोटेरियनांच्या घरच्या बायकांनी ‘इनर व्हील’ ही स्वतःची संस्था काढली. आपल्याकडच्या गावागावांतही तिच्या शाखा निघाल्या आणि पाहुण्यांची बरीच व्यवस्था त्यांच्याच हातून झाली. या योजनेचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर त्यानं आधी स्वयंपाकघरात जाऊन विचारावं.

मी बिदरजवळच्या कमठाण्याच्या बाजूचा माणूस, त्यामुळे पाहुणा आमच्या मुलखात आला तर काय बघेल हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण या भागात एका घरात कन्नड, मराठी आणि दखनी अशा तिन्ही बोली सहज चालतात. आजी नातवाशी एका भाषेत बोलते, दुकानदाराशी दुसऱ्या. एवढी सवय असलेल्या माणसांना चौथी भाषा बोलणाऱ्याचा धाक वाटत नाही. पाहुणा मार्गशीर्षाच्या अमावास्येला आला तर त्याचं भाग्यच. त्या दिवशी लातूर-धाराशिवपासून बिदर-कलबुर्गीपर्यंत शहरं ओस पडतात आणि सगळे शेतात जातात. येळवस. ज्वारीच्या ताटांत कडब्याची खोप करून पूजा होते, आणि भज्जी, आंबील, उंडे असं जेवण वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून वाढलं जातं. त्या पंगतीत परका कुणीच नसतो.

परक्याला जवळ करणं आमच्या बिदर शहराला जुनं आहे. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन १४६९ च्या सुमारास समुद्रमार्गे चौलला उतरला, पावसाळा त्यानं जुन्नरला काढला, तिथल्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला, तो कसाबसा परत मिळवून तो बिदरला पोचला. त्या वेळी बहमनी राज्याचा कारभार इराणातल्या गिलानहून आलेल्या महमूद गवानच्या हातात होता. त्याचा मदरसा १४७२ मध्ये उभा राहिला आणि त्याची एक मिनार आजही गावावर उठून दिसते. निकितिनच्या टिपणांत एक गोष्ट फार सुंदर आहे. आपण कोण, कुठले, कुठल्या धर्माचे हे त्यानं इथल्या लोकांना सांगून टाकलं, आणि तेव्हापासून लोकांनी त्याच्यापासून काही लपवलं नाही: खाणं नाही, व्यापार नाही, पूजाअर्चा नाही, घरातली माणसंही नाहीत. एक्स्चेंजच्या आखणीत जवळजवळ पाचशे वर्षांनी जे साधायचं होतं ते हेच.

आता कामाचा दिवस. समजा गटात कुणी धातूशास्त्रज्ञ आहे, किंवा संग्रहालयात जुन्या वस्तूंची डागडुजी करणारी कुणी. तिला बिदरी या आमच्याकडच्या धातूकामाच्या दुकानात नेऊन फुलदाणी हातात देणं म्हणजे दिवस वाया घालवणं. तिला जुन्या शहरात चौबाऱ्याच्या आसपासच्या कारखान्यात सकाळी नेऊन बसवायला हवं. जस्तात थोडं तांबं घालून रस करतात आणि माती, राळ, एरंडेल यांच्या साच्यात ओततात. निघालेली वस्तू कानशीनं घासून गुळगुळीत करतात, मग मोरचुदाच्या पाण्यानं तात्पुरती काळी करतात, म्हणजे तिच्यावर काढलेली रेघ पांढरी उमटते. नक्षी टोकदार सुईनं हातानं काढायची. पुढे छापा नसतो. त्या रेघेवर छिन्नी चालवून चर पाडायची आणि तिच्यात चांदीची तार बारीक हातोडीनं बसवत जायची. मांडीशी वस्तू धरून बसलेला कारागीर तार आधी तोडून ठेवत नाही. वेल जिथं संपते तिथंच छिन्नीच्या टोकानं ती तुटते. हे झालं की वस्तू पुन्हा घासतात, आणि या टप्प्याला सगळंच सारखं रुपेरी दिसतं, चांदी कुठली आणि जस्त कुठलं हे कळत नाही. शेवटी वस्तू तापवून तिच्यावर नवसागर आणि किल्ल्यातली माती यांचं मिश्रण चोळतात. बघता बघता जस्त काळंकुळकुळीत होतं आणि चांदीला काहीही होत नाही. वर तेलाचा हात फिरला की काम झालं.

ती माती कुठलीही चालत नाही. जुन्या वास्तूंच्या आतली, वर्षानुवर्षं पाऊस न लागलेली, सोऱ्याचा अंश असलेली लागते, आणि कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. बिदरीचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बिदरीचं नाव देशभर झालं. पण मातीची चव, जस्ताचा रंग आणि नवसागराचा वास या तीन गोष्टींवर एका रसायनतज्ज्ञाला आणि एका उस्तादाला दिवसभर समोरासमोर बसवलं, तर दोघांकडेही दुसऱ्याला विचारायला प्रश्न असतील. उस्तादही विचारेल. योजनेत या दिवसाला ‘स्टडी’ म्हटलं होतं, आणि अभ्यास दोन्ही बाजूंचा होता.

पशुवैद्य आला तर त्याची सोय आमच्या अंगणातच आहे. कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय, पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बिदरच्या नंदीनगरला आहे. आणि या भागाची गाय म्हणजे देवणी. नाव लातूर जिल्ह्यातल्या देवणीवरून, पण राज्याची हद्द तिनं कधी मानली नाही. अंग पांढरं आणि तोंड काळसर तो वानेरा, सगळी पांढरी ती बालंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके तो शेवरा. दूधही देते आणि बैल औतालाही चालतो. दूध सोडून दुसऱ्या कशासाठी गाय पाळत नाहीत अशा देशातल्या वैद्याला शेतकरी ती बाजारात कशी पारखतो हे दाखवलं, तर तो ते जन्मभर विसरणार नाही.

मग योजना बंद का झाली? फाउंडेशननं आपल्या सगळ्या अनुदानांची फेररचना केली. २०१० पासून तीन वर्षं शंभर डिस्ट्रिक्टांत प्रयोग झाला आणि २०१३ च्या जुलैपासून नवी पद्धत सगळीकडे लागू झाली. तिच्यात ‘व्होकेशनल ट्रेनिंग टीम’ आली: एका ठरावीक विषयाची, ठरावीक कौशल्य शिकवायला किंवा शिकायला जाणारी, आणि परिणाम मोजून दाखवणारी. तिचा ग्लोबल ग्रँट निदान तीस हजार डॉलरच्या प्रकल्पाचा. नवजात बाळांची शुश्रूषा शिकवायला परिचारिकांचा गट पाठवायचा असेल तर ही पद्धत जुनीपेक्षा नक्कीच चांगली आहे. तिथं नुसती मैत्री पुरत नाही. पण मोठ्या शहरातल्या क्लबला झेपणारं हे काम आमच्यासारख्या तालुक्याच्या गावाला झेपत नाही. शिवाय वकील, वार्ताहर, शिक्षिका आणि पशुवैद्य एका गाडीत चार आठवडे एकत्र हिंडण्यातून जे मिळायचं, ते मोजपट्टीत बसत नाही म्हणून बाहेर पडलं. हे नुकसान झालं, आणि छोट्या गावांचं जास्त झालं.

त्यावर उपाय नियमांतच आहे. डिस्ट्रिक्ट ग्रँटमधून छोट्या प्रमाणावर अशी व्यावसायिक देवाणघेवाण आजही करता येते. आणि ती करायला दर वेळी समुद्र ओलांडावा लागत नाही. लातूर-सोलापूरकडचे क्लब रोटरीच्या ३१३२ डिस्ट्रिक्टमध्ये येतात, बिदर-कलबुर्गीचे ३१६० मध्ये. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बिदर जिल्ह्याचेच तालुके होते. आज उदगीरचा तरुण डॉक्टर पुण्याला दहा वेळा जातो, आणि बिदरच्या दवाखान्यात आपल्याच वयाचा माणूस काय करतो हे त्यानं पाहिलेलं नसतं. मराठी शाळेतली बाई आणि कन्नड शाळेतल्या अक्का दोन तासांच्या अंतरावर राहतात, पण एकमेकींच्या वर्गात बसलेल्या नाहीत.

या दोन्ही बाजूंच्या क्लबांना माझं सांगणं आहे. चार जण निवडा, चार वेगळ्या कामांचे, आणि त्यांत तुमच्या घरचं कुणी नको. हॉटेल नको, घर द्या. भाषणं दोनच ठेवा. प्रत्येकाला आपल्या कामाच्या माणसासोबत निदान तीन पूर्ण दिवस काढू द्या, आणि घरच्या बाईचं नाव यजमान म्हणून अहवालात लिहा. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. ग्रँटची मागणी त्याआधी तयार हवी, म्हणून कारागीर, दवाखाने, शाळा आणि घरांची यादी उन्हाळ्यातच करून ठेवा.