शंकरराव किर्लोस्करांची व्यंगचित्रकला : स्वरूप आणि प्रयोजन

प्रास्ताविक :
‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ व ‘मनोहर’ या मासिकांचे संस्थापक-संपादक म्हणून शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१-१९७५) मराठी वाचकांस सुपरिचित आहेत. ‘शंवाकि’ या संक्षिप्त नावामागे एक चित्रकारही होता, याकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले. अमेरिकेत वृत्तपत्रीय चित्रमालिकांना बहर आला होता व १९३८ मध्ये ‘सुपरमॅन’ अवतरला, त्याच कालखंडात किर्लोस्करवाडीत रेषेचा उपयोग लोकशिक्षणासाठी होत होता. प्रस्तुत लेखात या रेषेचे प्रयोजन स्पष्ट केले आहे.

जडणघडण :
शंकररावांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे लाहोर येथे पं. श्री. दा. सातवळेकर यांच्याकडे चित्रकलेचे शिक्षण घेतले. सातवळेकर कालांतराने औंधास (आजचा सातारा जिल्हा) स्थायिक झाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांच्याच आश्रयाने शंकररावांचे काका लक्ष्मणराव यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. लक्ष्मणरावांनीही चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. परंतु रंगांधत्वामुळे ते यंत्ररेखनाकडे वळले. पुतण्याची कला मात्र कारखान्याच्या जाहिरातीत रुजली व १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’मधून विस्तारली. १९२९ पासून हे मासिक ‘किर्लोस्कर’ या नावाने निघू लागले.

तंत्र व आशय :
तत्कालीन खिळेछपाईत शाईच्या रेषाचित्राचा जस्ताचा ठसा मजकुराच्या खिळ्यांसोबतच छापता येई. छायाचित्रास गुळगुळीत कागद लागे. त्यामुळे मोजकी, ठसठशीत रेषा ही आवडीइतकीच मुद्रणाचीही गरज होती. शंकररावांच्या व्यंगचित्रसंग्रहाचे ‘टाकांच्या फेकी’ हे शीर्षक या साधनाकडेच निर्देश करते. अस्पृश्यता, रूढी, अंधश्रद्धा आणि स्त्रियांवरील बंधने हे मासिकाच्या चिकित्सेचे विषय होते. सुधारणावादी निबंध बहुधा आधीच अनुकूल असलेला वाचक पूर्ण वाचतो. चित्र मात्र वाचकाने मत बनवण्यापूर्वीच त्याच्या नजरेस पडते.

यात जोखीमही होती. संपादक व चित्रकार एकच असल्याने परवानगीचा प्रश्न नव्हता. तथापि ज्या पांढरपेशा कुटुंबांच्या रूढींवर टीका करावयाची, त्यांच्याच वर्गणीवर मासिकास बव्हंशी अवलंबून राहावे लागे. ग्राहकाला दुखावून त्यालाच पुढील अंकाची वाट पाहावयास लावणे, हे या विनोदाचे खरे आव्हान होते.

समारोप :
संपादनाच्या व्यापामुळे त्यांच्यातील चित्रकार झाकला गेला असला, तरी संपादकाची दृष्टी घडविण्यात त्याचा वाटा मोठा होता. म्हणूनच मराठी नियतकालिकांच्या अभ्यासात लेखांबरोबर ही चित्रेही मूळ अंकांतून वाचली गेली पाहिजेत. अन्यथा प्रबोधनाचा हा इतिहास अपुरा राहील.