सावलीचे भांडवल

व्यापाऱ्याला माल दिसतो, मालामागचे झाड क्वचितच दिसते. धान्याच्या घाऊक व्यापारात उभा जन्म घालवूनही आमची स्थिती याहून निराळी नव्हती. कॉफीच्या मळ्यांविषयी माहिती मिळवीत असता आमचे डोळे उघडले; म्हणून हा विषय सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

कॉफीचे झुडूप मूळचे इथिओपियाच्या डोंगरी रानातले, उंच वृक्षांच्या छायेत वाढणारे. सतराव्या शतकात बाबा बुदान यांनी अरबस्तानातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. तिकडील मळ्यांत दुहेरी सावली राखण्याचा प्रघात आजही आहे. खाली पांगारा, वर सिल्व्हर ओक, फणस यांसारखे उंच वृक्ष आणि त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल. आपल्या माळव्याला त्यामानाने जवळ असलेल्या मेळघाटातील चिखलदऱ्यासही कॉफी पिकते.

सावली उन्हाळ्यात जमिनीची ओल राखते व पावसाचा मारा अडविते. गळालेला पाला कुजून त्याचे खत होते. पांगाऱ्याच्या मुळांवरील गाठींमुळे हवेतील नत्र जमिनीस मिळते. अरेबिका जातीचे खोड पोखरणारा किडा उघड्या उन्हातील झुडपांना अधिक पीडा देतो. भरपूर खत घातल्यास मोकळ्या उन्हात पीक जास्त येते, हे खरे. परंतु असे झुडूप एका साली फळांनी लगडते आणि पुढल्या साली थकते. सावलीतले पीक बेताचे, पण वर्षानुवर्षे टिकणारे. मात्र सावली फार दाट झाल्यास फुले कमी धरतात व दमटपणामुळे बुरशी माजते. म्हणून पावसाळ्याच्या सुमारास फांद्या छाटून उजेड आत घेतात. सावलीचाही हिशेब ठेवावा लागतो.

या कथेत आपल्या इंदूरचाही अंश आहे. १९२४ साली येथे स्थापन झालेल्या कृषिसंशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी पाला, काडीकचरा व शेण यांपासून खत करण्याची रीत बसविली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली व १९३३ च्या सुमारास केनियातील कॉफीच्या मळ्यांतही पोहोचली. झाडाखाली निसर्ग जे आपोआप करतो, तेच ही पद्धत खड्ड्यात करून दाखविते.

आपल्या शास्त्रांतील षट्लेश्यांचा दृष्टांत सर्वांस ठाऊक आहेच. जांभळाच्या झाडाखाली सहा भुकेले वाटसरू येतात. कृष्णलेश्येचा मनुष्य झाड मुळासकट तोडू पाहतो. शुक्ललेश्येचा खाली पडलेल्या फळांवर तृप्त होतो. हा दृष्टांत आम्ही मुलांना अनेकदा सांगितला. तरीही, एका कास्तकाराकडील उचल थकली तेव्हा बांधावरचे जुने आंबे विकून खाते पुरे करण्याचा सल्ला आम्हीच त्यास दिला. त्याने तो मानला. खाते चुकते झाले. पण त्या बांधावर बैल बांधावयास पुन्हा सावली झाली नाही. त्या दिवशी आम्ही कोणत्या लेश्येत होतो, हे सांगणे नको.

कॉफीचा जाणता मळेवाला झाडाला जमिनीचा वाटेकरी समजत नाही, भागीदार समजतो. वसुलीस बसताना आपणही शेतकऱ्याचे उभे झाड येण्याच्या बाजूस मांडू नये, अशी आमची सर्व सभासदांस नम्र विनंती आहे. मुद्दल तोडून मिळविलेल्या पैशास आपल्या वहीत नफा म्हणत नाहीत.