दिसते ते आणि वाटते ते

‘सुगरण’ हा शब्द आपल्या भाषेत स्त्रीलिंगी आहे. फांदीला टांगलेला तो रेखीव खोपा पाहून पिढ्यान् पिढ्या आपण गृहीत धरले, की हे एखाद्या कष्टाळू गृहिणीचेच काम असणार. १९३० साली पक्षितज्ज्ञ सालिम अली अलिबागजवळच्या किहीम गावी राहत होते. खोप्यांजवळ शिडी उभारून, तिच्यावर आडोसा करून त्यांनी या पक्ष्यांचे व्यवहार दिवसेंदिवस टिपले. त्यांना दिसले ते असे : खोपा विणतो तो नर. खोपा अर्धा झाला की मादी येऊन त्याची पारख करते. तिच्या पसंतीस उतरला तर नर तो पुरा करतो आणि अंडी उबवण्याचे काम तिच्यावर सोपवून शेजारीच दुसरा खोपा दुसऱ्या मादीसाठी विणू लागतो!

पक्षी तर सर्वांच्या डोळ्यांसमोरच होता. परंतु पाहण्याआधीच अर्थ ठरून गेला होता. बालरोगतज्ज्ञ म्हणून बडोद्यात अनेक वर्षे काम करताना ही गोष्ट मला वारंवार आठवत आली आहे. कारण आमचा रुग्णही बोलून काही सांगत नाही. त्याचे वागणे हीच त्याची भाषा.

मुक्या जिवांचे वागणे शिस्तीने पाहण्याचे शास्त्र ज्यांनी उभे केले, त्या कार्ल फॉन फ्रिश, कोनराड लॉरेन्झ आणि निको टिनबर्गेन यांना १९७३ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. टिनबर्गेन यांनी १९६३ मध्ये सांगितले, की कोणत्याही वागणुकीला चार प्रश्न विचारावेत. ती या क्षणी कशामुळे घडते? वयाबरोबर ती कशी घडत जाते? तिचा जगण्यासाठी उपयोग काय? आणि उत्क्रांतीत ती कोठून आली?

आठ-नऊ महिन्यांच्या बाळाचे उदाहरण घेऊ. कालपर्यंत कोणाकडेही जाणारे बाळ आज डॉक्टरला पाहताच आईच्या कुशीत तोंड लपवते. आजी म्हणते, ‘‘हल्ली फार हट्टी झालाय.’’ आता चार प्रश्न विचारून पाहा. अनोळखी चेहरा थेट जवळ येतो तेव्हा हे घडते. सहाव्या महिन्यानंतर, ओळखीचे व परके यांतला फरक कळू लागल्यावर ते सुरू होते. बाळ रांगत दूर जाऊ लागण्याच्या सुमारास ही भीती त्याला आईजवळ राखते. आणि कुत्र्याच्या पिलांतही सुरुवातीचे काही आठवडे सरल्यावर नवख्या माणसाची अशीच धास्ती दिसू लागते. म्हणजे आजीने ज्याला हट्ट म्हटले, ते वाढीचे सुचिन्ह ठरते.

निव्वळ पाहण्याने जीव वाचतो, याचेही उदाहरण आपल्या रोजच्या कामात आहे. न्यूमोनियाच्या शंकेत जागतिक आरोग्य संघटनेचा निकष साधा आहे : बाळ शांत असताना, पोट-छाती उघडी ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. हातात घड्याळ आणि मनात धीर, एवढीच साधने त्याला पुरतात.

मात्र निरीक्षण आणि अर्थ यांची गल्लत झाली, की थोरांचाही तोल जातो. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे बारकाईने वर्णन करून ‘ऑटिझम’ म्हणजे स्वमग्नतेची ओळख वैद्यकाला करून दिली. त्यांनी पाहिलेली लक्षणे आजही खरी ठरतात. परंतु त्या मुलांच्या आईवडिलांत मायेचा ओलावा कमी असल्याचा जो सूर त्यांनी लावला, त्याचे पुढे इतरांनी आरोपपत्र केले. ‘थंड’ आईमुळे मूल असे होते, हा समज दोन-अडीच दशके घट्ट रुजला. खुद्द टिनबर्गेन यांनीही नोबेलच्या व्याख्यानात स्वमग्न मुलांविषयी बोलताना कारण भोवतालच्या ताणात व पालकांच्या वागण्यात शोधले. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट होऊ लागला. तोवर असंख्य मातांनी न केलेल्या अपराधाचे ओझे वाहिले होते.

ते ओझे आपल्या घरांतून पुरते उतरले आहे, असे म्हणवत नाही. दीड वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, बोटाने काही दाखवत नाही. आईला ते जाणवते. पण घरात उत्तरे तयार असतात. ‘‘ती नोकरी करते ना, म्हणून.’’ ‘‘याचे बाबाही उशिराच बोलले.’’ आणि आपल्या बडोद्याचे खास उत्तर : ‘‘घरी मराठी, बाहेर गुजराती, शाळेत इंग्रजी, पोर गोंधळणार नाही तर काय?’’ यांपैकी पहिले उत्तर अन्यायाचे आहे, दुसरे धोक्याचे आणि तिसरे चुकीचे. अनेक भाषा कानांवर पडल्याने स्वमग्नता येत नाही. शिवाय बोट दाखवणे, नजरेला नजर देणे, हाकेला वळणे या गोष्टींना कोणतीच भाषा लागत नाही. त्या दिसत नसतील तर कारण भाषेबाहेर शोधावे.

म्हणून माझ्या सर्व शाखांतील व्यवसायबंधूंना आणि स्मरणिका घरी वाचणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. मुलाविषयी सांगताना आधी क्रियापद वापरावे, विशेषण मागाहून. ‘चिडका आहे’ हा आपला निकाल झाला. ‘मिक्सर सुरू झाला की कान झाकून दुसऱ्या खोलीत पळतो’ हे निरीक्षण झाले. निकालावर वाद होतो, निरीक्षणावरून तपासणी पुढे सरकते. डॉक्टरांनी पहिली दोन मिनिटे स्टेथोस्कोप गळ्यातच ठेवून, मूल आईच्या मांडीवर असताना नुसते पाहावे. ते कोणाकडे पाहते, काय उचलते, आईला काय दाखवते? आईने घरचे वागणे सांगितले तर तिचे शब्द तसेच्या तसे लिहून घ्यावेत.

काही खुणा मात्र थांबू नये अशा आहेत. वर्षाचे झाल्यावरही बडबड किंवा हातवारे नसणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचे स्वतःचे वाक्य नसणे, आणि कोणत्याही वयात आलेले बोलणे वा हसणे-खेळणे मावळणे. अशा वेळी ‘बोलेल हळूहळू’ असा दिलासा न देता कानांची आणि विकासाची तपासणी लगेच करून घ्यावी. निदान पक्के होण्याची वाट न पाहता बोलण्या-खेळण्याचे प्रशिक्षण सुरू करता येते. लहान वयात मेंदूची घडण वेगाने होत असते, तेव्हा वाया गेलेले सहा महिने मुलाला महाग पडतात.

सालिम अली शिडीवर बसले तेव्हा त्यांच्यापाशी सुगरणीविषयी तयार उत्तरे असणारच. ती बाजूला ठेवून ते दिसेल ते लिहीत गेले. आपल्याला शिडीचीही गरज नाही. मूल समोरच बसलेले असते.