क्रँकच्या टोकाची राखण

उन्हाळी टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की पूर्व जुन्नरच्या रस्त्यांवर पिकअपची वर्दळ वाढते. निमगाव सावा, साकोरी, मंगरूळ या गावांतला माल क्रेटमध्ये भरून नारायणगावच्या बाजारात जातो, कांदा आळेफाट्याला नाहीतर ओतूरला. तोडा झाला की मालाला थांबायला वेळ नसतो, त्यामुळे गाडीलाही नसतो. अशा दिवसांत गाडी उभी होती त्या जागेवर सकाळी तेलाचा काळा डाग दिसला, की मालकाचा पहिला प्रश्न असतो, "हंगाम निघेल ना?" याचं उत्तर बहुतेक वेळा रबराच्या एका गोल कडीपाशी येऊन थांबतं. गॅरेजात तिला क्रँकचं सील म्हणतात.

इंजिनात अशी दोन सीलं असतात. क्रँकशाफ्टचं पुढचं टोक पुलीसाठी इंजिनाबाहेर येतं, मागचं फ्लायव्हीलसाठी. दोन्ही ठिकाणी फिरता दांडा बाहेर काढायचा आणि आतलं तेल मात्र आतच ठेवायचं, ही सीलची जबाबदारी. ते मिळतं काहीशे रुपयांत. पण मागचं सील बदलायचं तर गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील असं सगळं उतरवावं लागतं. वस्तू स्वस्त आणि वाट महाग, म्हणून या कामात मिस्त्रीची खरी परीक्षा पाना हातात घेण्याआधीच होते.

केसाएवढी कड

सील हातात घेतलं तर बाहेर पत्र्याची कडी, तिच्यावर चढवलेलं रबर आणि आतल्या बाजूला पातळ ओठासारखी कड दिसते. त्या कडेच्या पाठीशी बारीक गुंडाळीची गोल स्प्रिंग असते, ती कडेला दांड्यावर हलकेच दाबून धरते. बहुतेक सीलांना बाहेरच्या अंगाला आणखी एक लहान कड असते, ती धूळ अडवते. शेतरस्त्यांवर चालणाऱ्या गाडीत या दुसऱ्या कडेला पहिलीएवढंच काम पडतं.

मुख्य कड दांड्याला टेकते ती रुंदी मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच. मागच्या बाजूला दांड्याचा व्यास 85 मिलिमीटर धरला आणि इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर चालत असलं, तर त्या कडेखालून पोलादाचा पृष्ठभाग सेकंदाला 13 मीटरहून जास्त वेगाने सरकतो. म्हणजे ताशी जवळजवळ 48 किलोमीटर. रबर कोरडं राहिलं तर एवढ्या घासणीत ते लगेच जळून जाईल. ते टिकतं, कारण कड आणि दांडा यांच्यामध्ये तेलाचाच अतिशय पातळ पापुद्रा असतो. 1957 मध्ये जॅगर या ब्रिटिश संशोधकाने प्रयोगांनी दाखवलं की चांगलं सील सुद्धा दांड्याला कोरडं घासत नाही, तेलावर तरंगतं.

मग ते तेल बाहेर का येत नाही? कडेच्या दोन्ही बाजूंचे उतार मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. तेलाच्या बाजूला उभा, हवेच्या बाजूला सौम्य. दांडा फिरताना रबराचा बारीक पोत आणि हे असमान उतार मिळून निसटू पाहणारं तेल पुन्हा आत ढकलतात. काही सीलांवर त्यासाठी तिरप्या रेषाही असतात, आणि त्या दांडा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेसाठी बनवलेल्या असतात. वरवर निवांत दिसणारी ही कडी इंजिन चालू असेपर्यंत एका लहानशा पंपाचं काम करत राहते.

कातड्यापासून रबरापर्यंत

रबर येण्याआधी हे काम कातडं आणि दोर करत. मर्सिडीजच्या जुन्या डिझेल इंजिनांत मागच्या टोकाला दोराचं सील असे. दोराचे दोन अर्धे तुकडे खाचेत दाबून बसवायचे आणि टोकं कापायची. जर्मनीतल्या वाईनहाइम गावची फ्रॉयडेनबर्ग ही कंपनी मुळात कातडी कमावणारी. 1929 च्या मंदीच्या काळात ती कातड्याच्या सीलांकडे वळली आणि 1936 पासून रबरी सीलं बनवू लागली. तिथला अभियंता वॉल्थर सिमर याच्या नावावरून जर्मनीत अशा सीलला आजही सिमरिंग म्हणतात.

पुढे इंजिनं जास्त तापू लागली तसं रबरही बदललं. साधं नायट्राइल रबर साधारण 100 अंश सेल्सिअसपर्यंत नीट टिकतं. फ्लोरोकार्बन रबर 200 अंशांच्या आसपास तग धरतं. नव्या अनेक गाड्यांत मागचं सील टेफ्लॉनचं असतं. म्हणून 'मापाला बसतंय' एवढ्यावर सील घेऊ नये. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी जुळूनही रबर हलकं निघालं, तर काही महिन्यांत ते कडक होतं, चिरतं आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं.

गळतं कुठून, गळतं का

खाली टपकलेलं तेल पाहून थेट सीलवर बोट ठेवणं ही या कामातली सर्वांत महाग घाई. टॅपेट कव्हरचं गॅस्केट गेलं तर तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळून गिअरबॉक्सच्या जोडाशी येतं आणि मागचं सील गळतंय असं वाटतं. गिअरबॉक्सचं स्वतःचं पुढचं सील गेलं तरी तेल त्याच जागी टपकतं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, त्यावरून अनुभवी मिस्त्री दोन्ही तेलं वेगळी ओळखतो. इंजिन धुऊन, पुसून, थोडं चालवून, दिवा लावून वरून खाली पाहत यावं. सगळ्यात वरची ओली जागा सापडली की गळतीचं मूळ सापडतं.

सीलच गळत असलं तरी तपास तिथे संपत नाही, ते का गळलं हे पाहावं लागतं. पिस्टन रिंगा झिजल्या की जळलेल्या वायूचा काही भाग खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतो. गॅरेजच्या भाषेत, इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतं. तो वायू बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदर. ब्रीदरची नळी काजळीने बंद झाली तर आत दाब साठतो आणि तेलाला ढकलतो. क्रँकचं सील असा दाब धरण्यासाठी केलेलंच नसतं. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण उघडलं आणि धूर फसफसून वर आला, तर आधी ब्रीदर साफ करावा, रिंगांची अवस्था पाहावी. हे सोडून बसवलेलं नवं सीलही जुन्याच्याच मार्गाने जातं. मेन बेअरिंग झिजून क्रँकला प्ले आला असेल तरीही तेच होतं, कारण डगमगणाऱ्या दांड्यामागे कड धावू शकत नाही.

उतरवणं आणि बसवणं

पिकअपचं इंजिन उभ्या मांडणीचं आणि जोर मागच्या चाकांना. म्हणून आधी बॅटरीची तार काढायची, गाडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, घ्यायची, मग प्रोपेलर शाफ्ट, स्टार्टर, क्लचची जोडणी आणि शेवटी गिअरबॉक्स. तो जॅकवर तोलून सरळ रेषेत मागे ओढावा लागतो. लोंबकळू दिला तर क्लच प्लेट वाकते. त्यानंतर प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, फ्लायव्हील. क्लच प्लेट तेलाने भिजली असेल तर तीही बदलावी, कारण पुन्हा एवढं उतरवायला कुणाला परवडणार?

जुनं सील काढण्याआधी ते किती खोल बसलं होतं हे मोजून ठेवायचं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना दांड्यावर ओरखडा उठला, तर नवं सील पहिल्या दिवसापासून गळतं. म्हणून सीलच्या पत्र्यात बारीक स्क्रू फिरवून त्याला धरून ओढणं चांगलं. मग दांड्यावरून नख फिरवून पाहायचं. नख खाचेत अडकलं तर जुन्या कडेने पोलादात चर पाडला आहे. तेव्हा जागा असेल तर नवं सील थोडं पुढेमागे बसवतात, नाहीतर दांड्यावर पातळ स्लीव्ह चढवतात.

नवं सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे असावी. रबरी कडेला इंजिन ऑइलचा हात लावावा. टेफ्लॉनच्या सीलला मात्र तेल लावायचं नसतं. ते कोरडंच बसवतात, कारण त्याच्यातला थोडा अंश दांड्यावर चढूनच त्याची जागा तयार होते. सील एका अंगाने ठोकलं तर तिरकं बसतं. म्हणून बरोबर मापाची कडी धरून ते चहूकडून सारखं आत न्यायचं. फ्लायव्हीलचे बोल्ट समोरासमोर, टॉर्क पान्याने, कंपनीने सांगितलेल्या मापाला आवळायचे. एकदाच वापरायचे बोल्ट असतील तर नवेच घ्यायचे. डमी शाफ्टने क्लच प्लेट मध्यावर आणली की गिअरबॉक्स बिनबोभाट आत जातो.

पुढच्या सीलला एवढी उस्तवार नाही, पण ते दुर्लक्षिण्यासारखंही नाही. टायमिंग बेल्टच्या इंजिनात ते गळलं तर तेल बेल्टवर जातं आणि बेल्ट कमकुवत होतो. काही इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि काहीशे रुपयांची कडी पूर्ण हेडचं काम काढते. म्हणूनच बेल्ट बदलताना हे सील पाहून घेणं, आणि गरज वाटली तर तेव्हाच बदलणं शहाणपणाचं.

तेल आणि विहीर

या भागात गळतीचा हिशेब गाडीपुरता संपत नाही. कुकडी प्रकल्पाने पाणी आणलं, तरी वस्त्या आणि शेतं आजही विहिरींच्या आधारावर उभी आहेत. वापरलेलं इंजिन ऑइल केंद्राच्या 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. त्यात जळलेल्या इंधनाचे आणि झिजलेल्या धातूंचे अंश असतात. काम करताना निघालेलं तेल बांधावर किंवा ओढ्यात ओतलं तर ते मुरत मुरत पाण्यात उतरतं. ते डब्यात साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोचेल असं पाहणं हा दुरुस्तीचाच भाग मानायला हवा.

आणि मजुरी ठरवताना गाडीमालकाने एवढं ध्यानात घ्यावं, की सीलची किंमत बिलात सगळ्यात लहान असणारच. जो मिस्त्री आधी इंजिन धुऊन पाहतो, ब्रीदर तपासतो, दांड्यावरून नख फिरवतो, त्याच्या त्या वेळेचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. कामाला सुरुवात होण्याआधी त्याला एकच विचारावं, "आधीचं सील का गेलं?" ज्याच्याकडे याचं उत्तर आहे, त्याच्या हातून निघालेली गाडी भर हंगामात निर्धास्त बाजाराला न्यावी.