थेट मुलाखतीची कसोटी

मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्‌झला लागणाऱ्या परभणी आकाशवाणीला १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठामुळे तज्ज्ञ गावातच मिळतात. तथापि बोंडअळीवर शोधनिबंध लिहिणारा शास्त्रज्ञ थेट प्रसारणात, म्हणजे संपादनाविना चालणाऱ्या कार्यक्रमात, फवारणीचे प्रमाण शेतकऱ्याच्या बोलीत सांगू शकेलच असे नाही, आणि चुकीचा आकडा एकदा प्रक्षेपित झाला की कापता येत नाही. अशा कार्यक्रमात फोन करून प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्याच्या घरातला रेडिओ चालू असल्यास आवाज घुमतो, म्हणून आधी तो बंद करवावा लागतो. आकाशवाणीच्या प्रसारणसंहितेत राजकीय पक्षावर नाव घेऊन टीका वर्ज्य आहे. त्यामुळे पीकविम्यावरून चिडलेला श्रोता घसरू लागताच फेडर, म्हणजे आवाजाची पातळी कमीजास्त करणारी सरकपट्टी, खाली ओढायची की निवेदकाने विषय सावरायचा, हे निर्मात्याला तत्क्षणी ठरवावे लागते. यांतला दुसरा मार्ग अवघड, पण श्रेयस्कर.