१० मिनिटं, ६ जण

गेल्या वर्षी शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एक प्रहसन पाहिलं. त्यात आजीचं काम करणारी मुलगी डोक्यातून जाईना. म्हणून यंदा सांगलीत तिच्या कॉलेजच्या तालमीलाच जाऊन बसले.

प्रहसनाला १० मिनिटं आणि ६ जण. विनोद निर्मळ हवा, अश्लील चालत नाही. आधी जिल्ह्याचा महोत्सव, मग मध्यवर्ती.

विषय ऊसतोडीचा. तोड मिळावी म्हणून शेतकरी हेलपाटे घालतो. तोडणाऱ्या टोळीला 'खुशाली'चे पैसे, ड्रायव्हरला 'एन्ट्री'चे, कारखान्याच्या चिटबॉयला चहा. संहिता तिसऱ्या वर्षाच्या मुलानं लिहिलेली, घरच्या उसावरून. पहिल्या खर्ड्यात ऊस तोडणाऱ्या बाईच्या बोलीची नक्कल होती. "ती बीडवरनं पोटासाठी आलीया, तिला कशाला हसायचं?" आजी करणाऱ्या मुलीनंच विचारलं. त्यानं ते पानच फाडलं. मला त्या पोराचं फार कौतुक वाटलं.

ती मुलगी साताऱ्याकडची, माण तालुक्यातली. तिला शेवटी एकच वाक्य: "ड्रायव्हरसायब, ऊस ऱ्हाऊ द्या. आता आमालाच टोळीत घ्या." चार वेळा म्हणाली, कुणी हसलं नाही. तालीम घेणारे सर म्हणाले, "अगं, आधी पैसे तर दे."

मग तिनं पदराची गाठ सोडली. नोटा थुंकी लावून मोजल्या. ड्रायव्हरचा हात पुढं आला तशी एक नोट मागं घेतली, पुन्हा पदरात बांधली, गाठ दातांनी आवळली. आणि मग बोलली. पाठ झालेलं वाक्य, तरी अख्खी तालीम खो खो हसत सुटली. १० मिनिटांतलं जवळजवळ अर्धं मिनिट त्या गाठीत गेलं, आणि सरांनी ते कापलं नाही.

हसवणं अंगातच असावं लागतं, असं म्हणतात. मला ते पटत नाही. त्या दुपारी ते माझ्यासमोर शिकून झालं. आणि या गावाला ते नवं नाही. १८४३ साली याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं लिहिलेली असत, संवाद मात्र पात्रं आयत्या वेळी बोलत. जवळच्याच कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी 'जहरी प्याला'तले हवालदार तमाशाच्या फडात उभे केले. त्यांची शाळा फड होती. या पोरांना कॉलेजातली रिकामी वर्गखोली आहे, आणि तिथंही अभ्यास तितकाच कसून चालतो.

यंदा महोत्सवाला जाल तेव्हा नाटकाआधी प्रहसनं बघा. पुढच्या रांगेत बसा, म्हणजे गाठ दिसेल.